वाचकांचे प्रश्न : परसातल्या कोंबड्या आणि त्यांचे वैरी

प्रश्न : आमचे घर संगमेश्वर तालुक्यात, रानाला लागून आहे. माझ्याकडे १८ गावठी कोंबड्या होत्या, आता ९ उरल्या आहेत. श्रावणात भर दुपारी ४ तलंगा (तरुण कोंबड्या) एकेक करून नाहीशा झाल्या. नंतर एका रात्री खुराड्यातच ५ कोंबड्या मेलेल्या सापडल्या. दोघींची मुंडकी खाल्लेली होती आणि इतरांच्या मानेवर चावे होते. खुराडे फळ्यांचे असून पुढच्या बाजूला कोंबडीजाळी मारलेली आहे. शेजारी मुंगसाला दोष देतात आणि औषध घातलेली अंडी ठेवायला सांगतात. तसे करावे का?
– एक वाचक भगिनी, जि. रत्नागिरी

उत्तर : औषध घातलेली अंडी कृपा करून ठेवू नका. ते अंडे मुंगूसच खाईल याची काहीही शाश्वती नसते. तुमचा कुत्रा, शेजाऱ्याचे मांजर, कावळे किंवा अंगणात खेळणारे एखादे मूलही त्याला बळी पडू शकते. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, घोरपड, अजगर या सर्वांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे; विष, फासे किंवा कुंपणात सोडलेली वीज यांचा वापर हा गुन्हा तर आहेच, शिवाय अशा विजेने माणसेही दगावतात. घराभोवतीचे उंदीर आणि साप मुंगूसच खातो, तेव्हा त्याला मारून तुमच्या परसातली धास्ती कमी होणार नाही.

तुमच्या पत्रावरून मला वाटते की तुमच्याकडे वैरी एक नसून दोन आहेत. मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे, त्यामुळे दुपारी गेलेल्या तलंगांचा संशय त्याच्यावर घेणे योग्य आहे. रात्रीचे काम मात्र बहुधा त्याचे नाही. कोंबड्या मारल्या गेल्या, पण एकही उचलून नेली गेली नाही, याचा अर्थ असा की शिरणाऱ्याला आत येण्यापुरती फट मिळाली, परंतु त्या फटीतून कोंबडी ओढून बाहेर काढणे त्याला जमले नाही. उदमांजर, ज्याला आपल्याकडे कांडेचोर म्हणतात, ते किंवा एखादे रानमांजर असे करू शकते. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही. बंद जागेत ती नुसती फडफडते आणि त्या फडफडीने चेतलेला शिकारी खाण्याच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त पक्षी मारून टाकतो.

खात्री करायची असेल तर संध्याकाळी खुराड्याभोवती चाळलेल्या राखेचा पातळ थर पसरा आणि सकाळी कोणी त्यावरून जाण्यापूर्वी ठसे पाहा. मांजराच्या जातीच्या प्राण्याच्या ठशात ४ बोटे असतात आणि नखे सहसा उमटत नाहीत; कुत्रा किंवा कोल्हा असेल तर बोटे ४ च, पण पुढे नखांच्या खुणा दिसतात; उदमांजर आणि मुंगूस यांच्या पायाला ५ बोटे असतात. काहीच खूण न ठेवता अंडी किंवा लहान पिल्ले नाहीशी होत असतील, तर साप किंवा घूस यांचा विचार करावा.

आता खुराड्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण खरी उणीव तिथेच आहे. षट्कोनी छिद्रांची कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवण्यापुरती ठीक असते. बाहेरच्याला अडवण्यासाठी ती बनवलेलीच नाही, कुत्रादेखील ती दातांनी फाडतो. तिच्या जागी अर्ध्या इंचाच्या छिद्रांची, जाड तारेची वेल्डमेश (तारांचे सांधे जोडलेली) जाळी लावा आणि ती नुसत्या खिळ्यांवर न ठेवता वरून लाकडी पट्टी ठोकून दाबून घ्या. उकरून आत येणाऱ्यांसाठी हीच जाळी तळाशी बाहेरच्या बाजूने फूटभर जमिनीवर पसरा आणि तिच्यावर माती व चिऱ्याचे तुकडे घाला. प्राणी भिंतीच्या अगदी कडेलाच उकरू लागतो आणि तिथे त्याला जाळी लागते. शक्य असल्यास खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, चिऱ्यांच्या खांबांवर घ्या. छपराकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, पण उदमांजर माडावर चढते तसे छपरावरही चढते, म्हणून कौलांखालीही जाळी हवी आणि छपरावर झुकलेल्या फांद्या तोडायला हव्यात. दाराला फिरती लाकडी खुंटी पुरत नाही, कडी घालून तिच्यात आकडा अडकवा. दिवेलागणीला कोंबड्या मोजून दार रोज स्वतः बंद करणे हे या सगळ्याइतकेच महत्त्वाचे आहे.

मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकल्या असतील तर त्या लगेच खोल पुरा. एकदा घास मिळालेला प्राणी त्याच जागी पुन्हा येतो, त्यामुळे नवी जाळी लागेपर्यंत उरलेल्या ९ कोंबड्या रात्री पडवीत बंदोबस्ताने ठेवा.

दुपारच्या मुंगसासाठी परसाचा गडगा तपासा. सुट्या दगडांच्या गडग्यात आणि लाकडांच्या ढिगात त्याला लपायला आयती जागा मिळते. खुराड्याजवळचा भाग तरी मोकळा करा, झुडपे काढा आणि अंडी दुपारपर्यंत गोळा करा. कळपात एक जाणता कोंबडा अवश्य ठेवा. आकाशातल्या धोक्यासाठी त्याचा इशारा वेगळा असतो आणि जमिनीवरून येणाऱ्यासाठी वेगळा, आणि काही दिवस लक्ष दिल्यास तो फरक आपल्याही कानाला कळू लागतो.

गावाकडे कोंबड्यांचे आणि अंड्यांचे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातचे असतात आणि मुलांच्या वह्यांपासून औषधापर्यंत त्यांचा आधार असतो, म्हणून ९ कोंबड्या गमावण्याला कोणी किरकोळ म्हटले तरी मी म्हणणार नाही. जाळीचा खर्च घरच्यांपुढे मांडताना हा हिशेब जरूर सांगा.

प्रश्न : आमच्या माळरानावर झाडे नाहीत. घार पिल्ले उचलते. चकचकीत फिती बांधल्या, पण आठवडाभरच उपयोग झाला.
– एक वाचक, ता. माण, जि. सातारा

उत्तर : पक्षी अशा फितींना लवकर सरावतात, जागा वरचेवर बदलली तरच त्या थोड्या उपयोगी पडतात. घारीला झडप घालण्यासाठी वरून मोकळी वाट लागते, तीच बंद करावी. पहिले महिनाभर पिल्ले आईसह डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली) किंवा वरून जाळी ताणलेल्या छोट्या वाड्यात ठेवा. जाळी सैल लोंबू देऊ नका, कारण तिच्यात साप आणि इतर पक्षी अडकतात. साप अडकलाच तर स्वतः हात न घालता सर्पमित्राला बोलवा. पुढे पिल्ले मोकळी सोडाल तेव्हा माळावर जागोजागी तुरीच्या काड्यांचे किंवा कडब्याचे गुडघाभर उंचीचे आडोसे करा, म्हणजे आईने इशारा देताच पिल्लांना चार पावलांत त्यांखाली शिरता येईल. पिल्ले दीड-दोन महिन्यांची झाली की त्यांना उचलणे घारीला अवघड जाते. तोवर मात्र हिवाळ्यात, घारींच्या घरट्यात पिल्ले असतात त्या काळात, पिल्ले उघड्यावर सोडताना कोणीतरी जवळ थांबावे.