"शिकाऊ आहात ना? मग माझ्यावरच हात बसवणार का?"

समुपदेशनाच्या संमतीपत्रातल्या माझ्या नावापुढच्या 'प्रशिक्षणार्थी' या शब्दावर काकूंचं बोट थांबलं. "म्हणजे शिकाऊ ना? मग माझ्यावरच हात बसवून घेणार का?"

प्रश्न रास्त होता. तो मनात घेऊन बरेच जण येतात. काकूंनी तोंडावर विचारला. (त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी खरं ते सांगितलं. १४ वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. पासबुक भरून झालं तरी खिडकीशी रेंगाळणारे पेन्शनर रोज दिसायचे. त्यांना बोलायचं असायचं, पण मागे रांग असायची आणि मला 'पुढचे या' म्हणावं लागायचं. ते मनाला लागून राहिलं. चाळिशीत समुपदेशन मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. आता पर्यवेक्षिकेच्या देखरेखीखाली केसेस घेते, दर आठवड्याला नाव न सांगता त्यांच्यापुढे मांडते. त्यापलीकडे इथलं बोलणं जात नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तर तेवढा अपवाद. अनुभवी कोणी हवं असेल तर सांगा, मला मुळीच वाईट वाटणार नाही, हेही म्हटलं.

काकूंनी सही केली.

त्यांना रात्री तीनच्या सुमाराला छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. ईसीजी, थायरॉईड सगळं नीट होतं. डॉक्टरांनीच इकडे पाठवलेलं. हे आधी तपासून घेणं फार गरजेचं. छातीतलं दुखणं थेट 'टेन्शन'च्या खात्यात टाकू नये.

दुसऱ्या भेटीत माझं चुकलं. झोपेआधी मोबाइल नको, संध्याकाळी फिरायला जा, मी सांगत सुटले. काकू 'बरं, बरं' म्हणत मांडीवरच्या कापडी पिशवीच्या बंदाला गाठ मारत राहिल्या. पर्यवेक्षिकांनी एकच विचारलं, "सल्ल्याची घाई त्यांना होती की तुला?"

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने १९५७ च्या लेखात मांडलं होतं की माणूस बदलायला समोरच्याचा सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि सहानुभाव लागतो. परीक्षेत मी ते पानभर लिहून आले होते. खुर्चीत बसल्यावर विसरले.

तिसऱ्या भेटीत म्हटलं, "काकू, मागच्या वेळी मीच जास्त बोलले. तुमचं राहूनच गेलं." मग गप्प बसले. पंखा फिरत होता. गाठ सुटली, पुन्हा बसली. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी यांना अटॅक आला, तेव्हा तीनच वाजले होते. यांनी हाक मारली. मला ऐकूच नाही आली. शेजारी झोपले होते मी."

अँजिओप्लास्टी होऊन काका आता ठणठणीत आहेत. पण तेव्हापासून काकू तीनला उठून त्यांचा श्वास ऐकत पडून राहतात. हे घरात कुणालाही माहीत नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत विचारातल्या अशा हट्टी 'च'ला धरतात: मला जाग यायलाच हवी होती. मला ही पद्धत आवडते, पण पहिल्याच दमात 'हा विचार अविवेकी आहे' म्हणणं निर्दयपणाचं झालं असतं. दोन भेटी आम्ही त्या रात्रीबद्दलच बोललो. नंतर विचारलं, "आता जागं राहिल्याने पुढचा अटॅक थांबेल का?" त्या म्हणाल्या, "नाही. पण झोपले तर मी वाईट बायको." वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'जाग यावी असं वाटतं, आली नाही म्हणून मी वाईट ठरत नाही.' मग काकांशी बोलायचं ठरलं. ते म्हणाले, "अगं, मी हाक मारली तेव्हा आवाजच फुटत नव्हता."

अजून एखाद्या रात्री तीनला जाग येते. आठव्या भेटीत सांगत होत्या, परवा थेट साडेपाचला डोळे उघडले, तर स्वयंपाकघरात काका चहाचं आधण ठेवत होते.