जत्रेतल्या आकाशपाळण्यात मुलांना बसवावं का?
बसवा, पण आधी पाच मिनिटं खाली उभं राहून बघा. हे पाळणे दर जत्रेला सुटे करून पुन्हा जोडतात, त्यामुळं धोका बहुतेक जोडातच असतो. आमच्या कोल्हापुरात एका जत्रेत भाचीला बसवलं, तर समोरच्या दांडीला पिनेऐवजी गंजकी तार पिळून बांधलेली. पैसे सोडले, पोरीला तिथंच उतरवलं. पाऊस होऊन गेला असेल तर पाळण्याच्या पायांखालचे लाकडी ठोकळे मातीत रुतलेत का, तेही बघा. मुलींचे केस घट्ट बांधा, ओढणी काढून ठेवा. कायमच्या पार्कातही गाफील राहू नका. २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया पार्कात राईड मोडून माणसं गेली. आणि दांडी लॉक झाली नसेल तर सरळ ओरडा, पाळणा थांबवायला लावा.