गायरानावर दहा हजार रोपं लावण्याआधी

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. दहा-बारा जणांचं निसर्गमंडळ, गावाबाहेर मोठं गायरान, हिवाळ्यात भोवत्ये (गवतात रात्र काढणारे स्थलांतरित शिकारी पक्षी) मुक्कामाला, बांधालगत खोकडाची बिळं. आणि आता एका खात्याचा निरोप आलाय की जूनमध्ये इथे दहा हजार रोपं लावायची आहेत, मंडळाने माणसं द्यावीत, पुढे ही जागा ‘राखीव’ म्हणून तुम्हीच सांभाळा. तुम्ही विचारलंय, कुठली रोपं मागावीत आणि कुंपणाला पैसे कुठून मिळतील.

माझं उत्तर: रोपं मागू नका, कुंपणही नको. आधी ते काम थांबवा.

मंडळाची नोंदणी, पॅन, बँक खातं यावर तुमच्या पोस्टखाली बाकीच्यांनी लिहिलंच आहे. माळरान म्हणजे उजाड जमीन नव्हे, हेही तुम्हाला सांगायला नको, भोवत्या ओळखणाऱ्याला ते कळतंच. मी लिहितोय ते आमच्या तालुक्यात घडलं त्यावरून. पुणे-सोलापूर पट्टा, पर्जन्यछायेतला. तुमच्याकडची माती, पाऊस वेगळा असेल तर तेवढं वजा करून वाचा. शिवाय मी वकील नाही. कलमं सांगतोय ती जाणकाराकडून एकदा तपासून घ्या.

आमचा माळ असाच होता. कुसळी, पवन्या, मारवेल, मधूनमधून बोर आणि हिवर. थंडीत संध्याकाळी भोवत्ये गवतात उतरायचे आणि आम्ही लांबून मोजायचो. ‘हा माळ आहे तसा राहू द्या, इथे खोदकाम नको’ एवढंच मागणारा अर्ज आम्ही एका कार्यालयात दिला. कोणत्या, ते विचारू नका. आजही तिथे आमची कामं असतात. उत्तर मिळालं, ‘ही जमीन आमच्याकडे नाही.’ मग पलीकडच्या इमारतीत गेलो. तिथे कळलं की ती कधीच हस्तांतरित झाली आहे, फक्त ताबा पावती सापडत नाही. परत पहिल्या ठिकाणी. साहेब मीटिंगला. साहेब बदलले. नवे साहेब चांगले होते, माळावर आले, दुर्बिणीतून धाविक पक्षी बघून खूश झाले, ‘तुम्ही करा की काम, आम्ही आहोत’ म्हणाले, आणि त्यांचीही बदली झाली. या ‘करा की’चा कागद कुठेच नव्हता.

आणि मग वृक्षलागवडीचं उद्दिष्ट आलं. इतकी वर्षं जी जमीन कुणाचीच नव्हती ती आठवड्याभरात त्याच कार्यालयाची निघाली! नकाशा सापडला, ताबा पावती सापडली, जेसीबीसुद्धा सापडला.

आमच्या माळावर माती जेमतेम वीतभर, खाली सगळा मुरूम. सलग समतल चर (उताराला आडवे खणलेले लांब चर) मारले की तो मुरूम वर येतो आणि गवताची मुळं धरून बसलेली वीतभर माती त्याच्याखाली गाडली जाते. पहिल्या पावसात त्या ढिगांवर गवत आलंच नाही, आला तो टाकळा आणि गाजरगवत. चरांत लावलेलं गिरिपुष्प आणि सुबाभूळ उन्हाळ्यापर्यंत बरंचसं वाळलं. जे तगलं त्याने माळाचा मोकळेपणा घालवला, आणि भोवत्ये, माळटिटवी, धाविक यांना नेमका तोच लागतो. भोवत्ये पुढच्या थंडीत तिथे उतरले नाहीत.

पण खरी किंमत मोजली ती पुढे. लागवडीच्या फलकावर खाली ‘सहकार्य’ म्हणून आमच्या मंडळाचं नाव रंगवलेलं! आम्हाला न विचारता. दरवर्षी तिथे मेंढरं आणणारे धनगर तो फलक वाचून थेट आमच्या खजिनदाराच्या दुकानात आले. त्यातले एक वयस्कर बाबा म्हणाले, ‘आता मेंढरं कुठं न्यायची आम्ही? तुमच्या दुर्बिणीत?’ काय उत्तर देणार? लांडग्याची पिल्लं कुठे आहेत, कुठल्या घळीत साळिंदर आहे, हे आम्हाला सांगणारी हीच माणसं. त्यांचा विश्वास परत मिळवायला जितका वेळ गेला तितका गवत परत यायलाही लागला नसता.

तेव्हा तुमच्या पोस्टमधला ‘मंडळाने माणसं द्यावीत’ हा भाग सगळ्यात धोक्याचा आहे. त्यांना माणसं नको असतात, फलकावर नाव हवं असतं.

आता कामाचं. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जाऊन गाव नमुना १-ब बघा, सरकारी बिनभोगवट्याच्या जमिनी त्यात असतात. वनजमिनीची नोंद १-अ मध्ये. सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना आणि फेरफार दोन्ही काढा. तोंडी माहितीवर काडीचाही विश्वास ठेवू नका. नक्कल मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, तेही न रागावता, छापील नमुन्यात.

जमीन गुरचरणासाठी राखलेली निघाली तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे अशा कामासाठी नेमून दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. गावांच्या सामाईक जमिनींबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकालही जोडा. तो अतिक्रमणांविरुद्धचा आहे, लागवडीबद्दलचा नाही, पण साहेबलोक त्याचं नाव ऐकून फाइल पुन्हा उघडतात असा माझा अनुभव आहे.

अर्ज मंडळाचा नको, ग्रामसभेचा ठराव हवा. ठरावात चराईचा हक्क पहिल्या ओळीत, पक्षी दुसऱ्या ओळीत. धनगरांना ठरावाआधी भेटा, नंतर नव्हे. आणि प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ‘ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील’ म्हणाले तर तिथेच बसा. आम्ही डबा घेऊन जायचो.

‘राखीव क्षेत्र’ या शब्दाचा मोह मला समजतो. वन्यजीव कायद्यात संवर्धन राखीव (कलम ३६-क) शासनाच्या जमिनीवर होतं आणि त्याच्या समितीत ग्रामपंचायतीबरोबर स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी घ्यायचे असतात. नाशिकजवळचं बोरगड २००८ मध्ये असंच झालं, तिथल्या नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटीने वनखातं आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन ते उभं केलं. त्यांना जाऊन भेटाच. समुदाय राखीव खासगी किंवा सामुदायिक जमिनीसाठी असतं, गायरानाला ते कितपत लागू पडेल यावर माझ्या ओळखीच्या दोन वकिलांचंच एकमत नाही. माझं मत विचाराल तर पहिली काही वर्षं कुठल्याच घोषणेच्या मागे लागू नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं ते जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटरचं, त्यात गावं, शेतं सगळं आलं. पुढे क्षेत्र खूप कमी करावं लागलं, पण तोवर लोकांच्या मनात माळढोक म्हणजे जमिनीवरचं बंधन असं बसलं ते बसलंच. त्यापेक्षा ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती जागी करा. कागदावर ती असतेच. लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडांची, प्राण्यांची नोंद) मागवून बघा, शेजारच्या गावाची नक्कल निघाली तर हसू नका, ती नीट लिहून द्यायला मंडळ तयार आहे असं सांगा. त्या निमित्ताने ग्रामपंचायतीत पाय शिरतो.

सांभाळायचं काय, तर बरंचसं न करणं. गवताला बी धरून गळेपर्यंत चराई थांबवायची, साधारण दसरा-दिवाळीपर्यंत, आणि तीही सगळ्या माळावर नाही, एकेक तुकडा पाळीपाळीने, धनगरांनीच ठरवलेला. चराई कायमची बंद करू नका. वणवा लावू देऊ नका. वेडी बाभूळ आली असेल तर ती कापून भागत नाही, बुंध्यातून दुप्पट फुटते, मुळासकट उपटावी लागते, आणि इथे मात्र तुमचे स्वयंसेवक खुशाल द्या. उन्हाळ्यात टिटव्या आणि धाविक जमिनीवरच अंडी घालतात, तेव्हा जीपवाले फोटोग्राफर माळात शिरू देऊ नका. भोवत्ये कुठे झोपतात ते कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, आपल्या मंडळाच्यासुद्धा. भटकी कुत्री हा वेगळाच विषय आहे, त्यावर लिहायला बसलो तर रात्र सरेल.

जाता जाता. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज नव्वद दिवसांत टाका. आमचा रखडला होता आणि नेमक्या सुनावणीच्या वेळी समोरच्याने ‘हे अध्यक्ष आहेत याचा पुरावा काय’ विचारलं.

जून जवळ आलाय. १-बची नक्कल या आठवड्यात काढा आणि गट क्रमांक झाकून इथे टाका, मग हरकतीच्या मसुद्यात काय घालायचं ते बघू. आणि तोवर त्या खात्याच्या कुठल्याही हजेरीपटावर मंडळातल्या कुणी सही करू नका.