वाचक विचारतात: सायकलच्या रोड रेसमध्ये वारा कुणी अंगावर घ्यायचा?

या वेळी वॉट, टायर प्रेशर, गिअर असले प्रश्न फार कमी आलेत आणि टीमबद्दलचे खूप, आणि खरं सांगायचं तर मला ते वाचून बरं वाटलं. हौशी रेसिंगमध्ये पाय सगळेच तयार करतात, पण एकत्र कसं खेळायचं हे कुणी बसून शिकवत नाही. एकाच रंगाची जर्सी घालून सहा जण स्टार्टला उभे राहतात आणि झेंडा पडला की सहा वेगळ्या रेस सुरू होतात.

उत्तरांच्या आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किमीच्या स्पीडला तुमची बहुतेक ताकद फक्त हवा कापण्यात जाते, आणि ती किती लागते हे स्पीडच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे स्पीड १० टक्के वाढवायचा तर ताकद साधारण ३३ टक्के जास्त लागते. दुसऱ्याच्या चाकामागे नीट बसलात की पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, मोठ्या गटाच्या पोटात तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून कुठल्याही क्षणी एकच बघायचं, आत्ता वारा कोण अंगावर घेतंय आणि त्याचा फायदा कुणाला होतोय.

प्रश्न: आमच्या क्लबचे आम्ही पाच जण रेसला होतो. तिघांचा ब्रेकअवे (थोडक्यात ब्रेक, म्हणजे गटातून सुटून पुढे गेलेले) गेला, त्यात आमचा एक जण होता. मी मागच्या गटात एकदम फ्रेश होतो, गॅप वाढतोय बघून पुढे गेलो, जोर लावला आणि जवळजवळ एकट्याने ओढून ब्रेक पकडून दिला. रेसनंतर तो टीममेट माझ्याशी बोललाच नाही. माझं काय चुकलं?

तू तुझ्याच माणसाची रेस संपवलीस, म्हणून तो बोलला नाही. हे कडू लागेल, पण पहिल्या एक-दोन सीझनमध्ये ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो, कारण पाय चांगले असले की पुढे जावंसं वाटतं आणि पुढे गेलं की आपण काहीतरी काम करतोय असं वाटतं.

नीट बघ. पुढे तिघं होते, म्हणजे तुमच्या टीमला जिंकायचा चान्स तिनात एक. मागे समज ६० जणांचा गट होता. तू तिनात एक सोडून टीमला ६० जणांच्या स्प्रिंटमध्ये परत आणलंस, वर स्वतःची ताकदही घालवलीस. आपला माणूस पुढे असताना पाठलाग करणं हे ज्यांचं पुढे कुणी नाही त्यांचं काम. त्यांना ओढू दे, तू त्यांच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या चाकावर बस, नंबर आला तर पुल करू नकोस, म्हणजे पुढे येऊन वारा घेऊ नकोस. कुणी ओरडलं तर सरळ सांग, पुढे माझा माणूस आहे. हे पूर्णपणे नियमात बसतं आणि ज्याला रेसिंग कळतं तो यावर चिडत नाही. समोर जाऊन सायकलचे ब्रेक दाबणं किंवा रस्ता अडवणं मात्र करायचं नाही, त्याने लोक पडतात.

आणि नुसतं बसून राहायचं असंही नाही हं. मागून कुणी तगडा रायडर ब्रेककडे उडी मारायला निघाला तर त्याच्या चाकावर चिकटायचं, एकही पुल न देता. तो तुला फुकटात पुढे नेऊन सोडतो आणि ब्रेकमध्ये अचानक तुमचे दोघं होतात, त्यातला एक ताजा. मी हे जमलेलं दोनदाच जवळून बघितलंय आणि दोन्ही वेळा ती टीम जिंकली.

एक अपवाद आहे. पुढे गेलेला तुमचा माणूस त्या तिघांत स्प्रिंटला सगळ्यात कच्चा असेल आणि तुमचा पक्का स्प्रिंटर मागे गटात असेल, तर पुढच्याने पुल करणं थांबवायचं, ब्रेक आपोआप ढिला पडतो. पण हे स्टार्टच्या आधी बोललेलं पाहिजे, रेसमध्ये सुचून उपयोग नाही.

आता गॅपचा हिशोब, कारण बहुतेक लोक घाबरून पाठलाग सुरू करतात. ब्रेक ४० ने चाललाय आणि एक मिनिट पुढे आहे, म्हणजे साधारण ६७० मीटर. गट ४२ ने निघाला तर तो मिनिटाला फक्त ३३ मीटर खातो, म्हणजे २० मिनिटं आणि १४ किमी लागतात, आणि तोपर्यंत ब्रेक जरासुद्धा मंदावला नाही असं धरून. प्रो रेसिंगमध्ये फ्रेंच कॉमेंटेटर रॉबेर शापात यांच्या नावाने एक ढोबळ नियम सांगतात, फिनिशपर्यंत उरलेल्या दर १० किमीला एक मिनिट गॅप असेल तरच ब्रेक टिकतो. पण तिथे पाठलागाला पूर्ण टीम लाइन लावून बसलेली असते. आपल्याकडे चार क्लबचे चार जण एकमेकांकडे बघत बसतात, त्यामुळे हौशी रेसमध्ये ब्रेक खूप कमी गॅपवरही टिकतो.

आणि हे फक्त हौशींचं असंही नाही. टोकियो ऑलिंपिकची महिलांची रोड रेस, २०२१. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर, गणितात डॉक्टरेट, कुठल्याही प्रो टीमशी करार नाही, ती झेंडा पडल्या पडल्या अटॅकमध्ये गेली आणि शेवटचे साधारण ४० किमी एकटी चालवत होती. मागे डच टीमच्या चार जणी, एकेक जण जगातली टॉपची. ऑलिंपिकमध्ये टीमशी बोलायला रेडिओ नसतात. ब्रेकमधल्या मागे पडलेल्या दोघींना गटाने पकडलं आणि डच टीमला वाटलं की पुढे आता कुणीच नाही. अ‍ॅनेमिक व्हान व्ह्लुटनने लाइन पार करताना हात वर केले, पण कीझेनहोफर सव्वा मिनिट आधीच पोहोचली होती. चार चॅम्पियन होत्या, पण पुढे किती जणी आहेत हे मोजून कुणी पाठलागाला लागलं नाही. तुमच्या टीममध्ये एकाला हेच काम द्या, ब्रेकमध्ये किती गेले, कोण गेले, किती परत आले. बोटांवर मोजा, पण मोजा.

प्रश्न: आमच्या टीममध्ये मी स्प्रिंटर आहे आणि दोघी मला लीडआउट देतात, म्हणजे मला मागे बसवून स्प्रिंटपर्यंत ओढत नेतात. ट्रेनिंगमध्ये मस्त जमतं, रेसमध्ये शेवटच्या किलोमीटरला मी दर वेळी त्यांचं चाक हरवते. काय करू?

आधी एक अनुभव सांगतो. एका रेसमध्ये मी लीडआउटला होतो, शेवटचे ८०० मीटर, मान खाली, स्टेमकडे बघत जीव तोडून ओढत होतो. माझ्या मागे असणाऱ्या दोस्ताची सवय मला माहीत होती, तो ड्राफ्टमध्ये, म्हणजे माझ्या आडोशाला, मधेच अर्धा सेकंद पाय थांबवायचा आणि त्याच्या मागच्या चाकातल्या फ्रीहबची टिकटिक ऐकू यायची. ती टिकटिक शेवटच्या वळणाआधीपर्यंत होती. वळणानंतर नव्हती, आणि मला ते कळलं, पण मी थांबलो नाही, वाटलं पेडल मारतोय म्हणून आवाज नसेल. माझ्या मागे तिसऱ्याच टीमचा रायडर बसला होता आणि मी त्याला २०० मीटरवर आयता आणून सोडला, तो जिंकला. आमचा स्प्रिंटर वळणावर सहा जागा मागे गेला होता. त्या दिवशी तो काहीच बोलला नाही, फक्त बराच वेळ हेल्मेटचा पट्टा सोडवत बसला होता.

त्यानंतर आम्ही ठरवलं की मागचा बोलेल. पुढचीने मागे वळून बघायचं नाही, मागे बघताना सायकल हलते आणि स्पीड जातो. तुम्ही स्प्रिंटर आहात तर तुम्हीच दर थोड्या वेळाने ओरडायचं, "आहे, आहे". चाक सुटलं की "थांब". आवाज आला नाही की पुढचीने जरा ढिलं सोडायचं, पाच पेडल, तेवढ्यात तुम्ही परत येता.

बाकी चाक सुटतं ते बहुतेक वेळा वळणावर किंवा पुढची झटका मारते तेव्हा. लीडआउट म्हणजे अटॅक नसतो, स्पीड हळूहळू चढवायचा, इतका की बाजूने कुणाला वर येता येऊ नये. दोघी असतील तर पहिलीने साधारण एक किमीपासून ५०० मीटरपर्यंत न्यायचं, दुसरीने ५०० पासून २०० पर्यंत. दुसरीचं काम ५५ च्या स्पीडला जेमतेम २० सेकंदांचं आहे, आणि तुमचा स्प्रिंट ६० ला १२ सेकंदांचा. समोरून वारा असेल तर अजून उशिरा निघा, पाठीमागून असेल तर आधी. काम संपल्यावर बाजूला होताना आपली लाइन एकदम सोडायची नाही आणि पाय एकदम थांबवायचे नाहीत, मागून अख्खा गट येत असतो.

आणि ट्रेनिंगमध्ये जमतं कारण तिथे मधे घुसणारं कुणी नसतं. पुढच्या राइडला अजून तिघींना बोलवा आणि त्यांना सांगा, आमचं चाक चोरा.

प्रश्न: रेडिओ परवडत नाही आणि बऱ्याच रेसमध्ये चालतही नाही. मग बोलायचं कसं?

तोंडाने. रेडिओची काही गरज नाही. चार शब्द ठरवा, त्याहून जास्त नको, हार्ट रेट १८० असताना डोक्यात राहत नाहीत. आमचे होते: "बस" म्हणजे पुल करू नको, "जा", "मेलो" म्हणजे माझ्यावर अवलंबून राहू नका, आणि "किती" म्हणजे पुढे किती जण. "मेलो" वेळेवर आणि खरं बोलणं सगळ्यात महत्त्वाचं. पाय गेलेले असताना गप्प राहणाऱ्या लीडरमुळे पूर्ण टीम शेवटपर्यंत चुकीच्या माणसासाठी राबते.

प्रश्न: बाजूने वारा सुटला की आमची टीम हमखास गटाच्या शेपटीला लटकते आणि एकेक जण ड्रॉप होतो. फिटनेस कमी पडतोय का?

फिटनेस असेलही, पण जागा जास्त. वारा डावीकडून असेल तर निवारा पुढच्याच्या बरोब्बर मागे नसतो, मागे आणि उजवीकडे असतो. त्यामुळे रायडर तिरक्या रांगेत लागतात, त्याला एशलॉन म्हणतात, आणि रस्त्याची रुंदी संपली की रांग संपते. समजा आठ जण मावले, तर नववा रस्त्याच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर, समोर चाक आहे पण निवारा शून्य. तिथे कुणीच फार वेळ टिकत नाही, भलेभले नाही.

नववे झालात तर त्या कडेला लटकू नका. मागे बघा, आपल्या टीमच्या दोघा-तिघांना आणि शेजारच्या क्लबच्याही कुणाला हाक मारा आणि लगेच दुसरी तिरकी रांग चालू करा. पुल झाल्यावर वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला सरकत मागे यायचं, म्हणजे पुढे जाणाऱ्या रांगेला तुमचा आडोसा मिळतो. बहुतेक टीम उलटं करतात आणि मग दमतात. रेसच्या आदल्या दिवशी नकाशावर रस्ता कुठे वळतो आणि वाऱ्याची दिशा काय हे बघून ठेवा, मोकळ्या माळावरच्या त्या वळणाच्या दोन किमी आधी पाचही जण पुढच्या पंधरात पाहिजेत. वळण आल्यावर पुढे जाणं जवळजवळ अशक्य.

प्रश्न: तीन वर्षं मी टीमसाठी राबतोय. गॅप भरतो, बाटल्या आणतो, लीडरला पंक्चर झालं तर चाक देतो. रिझल्टमध्ये माझं नाव कायम चाळिसाव्या नंबरच्या मागे. घरच्यांना वाटतं मला सायकल येतच नाही. मी चुकतोय का?

तुम्ही चुकत नाही, तुमची टीम चुकतेय.

१९३४ च्या टूर द फ्रान्समध्ये २० वर्षांच्या रने व्हिएतोने आपलं पुढचं चाक लीडर आंतोनाँ मान्यला दिलं आणि स्वतः दगडी कठड्यावर बसून मदतीच्या गाडीची वाट बघत राहिला, रडत. तो फोटो आजही लोक बघतात. तो लीडर ती टूर जिंकला. एवढ्या मोठ्या पातळीवर, पैसे घेऊन हे काम करणाऱ्यालाही रडू आलं, तर स्वतःच्या खिशातून एंट्री भरून, सुट्टीचा दिवस देऊन राबणाऱ्याला वाईट वाटणारच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

हौशी टीममध्ये पगार नसतो, त्यामुळे परतफेड रेसमध्येच व्हायला हवी. सीझनच्या सुरुवातीला सगळ्यांनी बसून ठरवायचं, कुठली रेस कुणाची. चढाची रेस एकाची, सपाट दुसऱ्याची, आणि एखादी तरी तुमची, जिथे लीडर तुमच्यासाठी बाटल्या आणेल आणि गॅप भरेल. बक्षिसाची रक्कम त्या दिवशी राबलेल्या सगळ्यांत सारखी वाटायची, हा रिवाज प्रो टीममध्येही आहे. आणि लीडरने पोडियमवरून उतरल्यावर आधी तुमच्याकडे यायला पाहिजे, फोटो नंतर. हे सगळं त्यांना तोंडावर सांगा. ऐकून टाळलं तर दुसरी टीम बघा, गॅप भरणारा माणूस कुठल्याही टीमला हवाच असतो. घरच्यांना एकदा रेस बघायला घेऊन या, फिनिश लाइनला नको, शेवटच्या चढाच्या पायथ्याशी उभं करा. तुमचं काम तिथे दिसतं.

प्रश्न: माझी टीमच नाही, एकटाच उतरतो. मग हे सगळं वाचून उपयोग काय?

खूप उपयोग आहे. दोन-तीन मोठ्या टीम कोणत्या, त्यांचा स्प्रिंटर कोण, हे स्टार्टला बघून ठेवा. ब्रेक गेला आणि त्यात एका टीमचा माणूस नसेल तर ती टीम पाठलाग करणारच, तुम्ही त्यांच्या मागे बसा, ते तुमचं काम फुकट करतायत. सगळ्या मोठ्या टीमचा एकेक जण ज्या ब्रेकमध्ये आहे तो मात्र टिकायची शक्यता जास्त, कारण मागे ओढायला कुणी उरत नाही, अशा ब्रेकसाठी सगळी ताकद राखून ठेवा आणि दिसला की विचार न करता उडी मारा. ब्रेकमध्ये पोहोचलात की आपला पुल प्रामाणिकपणे द्या, छोटा द्या पण द्या, नाहीतर पुढच्या रेसला तुमच्यासोबत कुणी काम करणार नाही, आणि हौशी रेसमध्ये पुढच्या रविवारी तेच चेहरे शेजारी उभे असतात.