डीबगर बदलतो म्हणून करिअरची दिशा बदलावी का?

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या प्रयोगशाळेत उबुंटू २०.०४ ही लिनक्स प्रणाली असून त्यावर जीडीबी या डीबगरची, म्हणजे प्रोग्रॅममधील चुका शोधण्याच्या साधनाची, ९वी आवृत्ती आहे. तोंडी परीक्षेसाठी मी तिच्या कमांड पाठ केल्या. घरच्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ टाकल्यावर जीडीबी १५ मिळाला. त्यात जीडीबीचे आउटपुट फाइलमध्ये नोंदवण्यासाठी ‘सेट लॉगिंग ऑन’ दिले की ही कमांड जुनी झाल्याची सूचना येते, आणि डीबगइन्फोडी सुरू करायचे का, असाही प्रश्न विचारला जातो. साधने अशी सतत बदलणार असतील, तर सिस्टिम प्रोग्रॅमिंग सोडून वेब डेव्हलपमेंटकडे वळावे का?

उत्तर : केवळ या कारणावरून दिशा बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेबचे काम मनापासून आवडत असेल तर अवश्य तिकडे जावे. परंतु तिथेही ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवण्याची जागा), कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी) आणि व्हेरिएबलची तपासणी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये करावीच लागते, आणि तिथली साधने जीडीबीपेक्षा कितीतरी वेगाने बदलतात.

रिचर्ड स्टॉलमन यांनी जीडीबी १९८६ मध्ये लिहिला. ब्रेक, रन, नेक्स्ट, स्टेप, प्रिंट आणि बॅकट्रेस या ज्या कमांडवर रोजचे काम चालते, त्या अनेक दशके जवळजवळ तशाच राहिल्या आहेत. तुम्हाला दिसलेला लॉगिंगचा बदल २०२२ मधल्या १२व्या आवृत्तीतला आहे. आता ‘सेट लॉगिंग एनेबल्ड ऑन’ असे लिहावे, एवढेच ती सूचना सांगते. जुनी कमांड तुमच्या आवृत्तीत अजूनही चालते. आधी सूचना द्यायची, लोकांना सवय बदलायला वेळ द्यायचा, अशी या प्रकल्पाची एकंदर पद्धत आहे. त्यामुळे अशा सूचनेने घाबरण्याचे कारण नाही.

काही बदल मात्र नुसते पाठ करून कळत नाहीत, आणि तुमच्या अभ्यासाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहेत. उदाहरणार्थ, डीबग माहिती (फंक्शन व व्हेरिएबलचे प्रकार आणि ओळी यांची डीबगरसाठीची नोंद) नसलेले एखादे फंक्शन जीडीबीमधून बोलावले, तर ते ‘इंट’ (पूर्णांक) परत करते असे पूर्वी गृहीत धरले जाई. ‘गेटएन्व्ही’ हे फंक्शन प्रत्यक्षात पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत करते. ६४ बिटच्या यंत्रावर तो पॉइंटर ३२ बिटच्या ‘इंट’मध्ये मावत नाही, म्हणून अर्धा पत्ता कापला जाऊन भलतेच उत्तर समोर येत असे. २०१८ मधल्या ८.१ आवृत्तीपासून जीडीबी असा अंदाज बांधत नाही, तर परतीचा प्रकार ठाऊक नसल्याचे सांगून तो कास्ट करून, म्हणजे आपणच स्पष्टपणे नमूद करून, लिहायला लावतो. हा नियम तुमच्या प्रयोगशाळेतल्या आवृत्तीतही आहे. तिथे करून पाहा. या एका बदलामागचे कारण ज्याला नीट सांगता येते, त्याला डेटा प्रकार, पॉइंटरची रुंदी आणि डीबग माहिती या तिन्ही गोष्टी समजल्या आहेत, असे मुलाखत घेणाऱ्याला लगेच उमगते.

डीबगइन्फोडीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. त्याची सोय १०व्या आवृत्तीत, म्हणजे २०२० मध्ये आली. सिस्टिम लायब्ररीची डीबग माहिती आपल्या यंत्रावर नसेल, तर बिल्ड आयडीच्या (प्रत्येक बिल्डच्या ओळखक्रमांकाच्या) आधारे ती सर्व्हरवरून उतरवून घेता येते. घरी इंटरनेट असेल तर होकार द्यावा. नोकरीच्या ठिकाणी मात्र बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क होत असल्याने तिथले नियम आधी विचारावेत.

नंतर आलेल्या सोयींपैकी २००९ च्या ७.० आवृत्तीत आलेले उलट दिशेचे डीबगिंग जरूर वापरून पाहा. ‘रेकॉर्ड’ दिल्यानंतर ‘रिव्हर्स कंटिन्यू’ने मागे जाऊन, एखादे व्हेरिएबल नेमके कुठे बिघडले ते वॉचपॉइंटच्या (व्हेरिएबलची किंमत बदलताच थांबवणाऱ्या सोयीच्या) मदतीने शोधता येते. हे काम संथ चालते आणि मोठ्या प्रोग्रॅममध्ये अडतेही, म्हणून वीसेक ओळींच्या सी प्रोग्रॅमवर सुरुवात करा. २०२३ च्या १४व्या आवृत्तीत डीबग अ‍ॅडॉप्टर प्रोटोकॉल आला, त्यामुळे हा प्रोटोकॉल जाणणारे एडिटर जीडीबीशी थेट बोलू शकतात. बटणे दाबून काम करणाऱ्यालाही पडद्यामागे काय चालते हे ठाऊक असणे आवश्यक असते, आणि कमांड शिकल्याचा तुम्हाला तिथेही उपयोगच होईल.

पुढच्या काही महिन्यांत जीडीबीच्या सोर्स कोडसोबत येणारी ‘न्यूज’ नावाची फाइल १० ते १५ या आवृत्त्यांपुरती वाचून काढा. नव्या आणि बदललेल्या कमांडची नोंद तिथे आवृत्तीनुसार दिलेली असते. सगळे वाचलेच पाहिजे असे नाही. जो बदल कळला तो छोट्या प्रोग्रॅमवर चालवा आणि तो का केला गेला असेल, हे वहीत चार ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा. कमांडचे नाव विसरल्यास ‘हेल्प’ आणि ‘अ‍ॅप्रोपो’ हाताशी आहेतच. याबरोबर कोसळलेल्या प्रोग्रॅमची कोर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) उघडून ‘बीटी फुल’ आणि ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ यांवरून कारण शोधण्याचा सराव ठेवा, कारण ग्राहकाकडे बिघडलेला प्रोग्रॅम बऱ्याचदा याच रूपात तुमच्यापर्यंत पोहोचतो.

पुण्यात वाहनांतील इलेक्ट्रॉनिक्सचे आणि एम्बेडेड सॉफ्टवेअरचे (उपकरणांच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे) काम करणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत आणि तिथे हे कौशल्य रोज लागते. रास्पबेरी पाय पिको हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड स्वस्त आहे. डीबग प्रोब (बोर्ड आणि संगणक जोडणारे उपकरण) आणि ओपनओसीडी (त्या दोघांत दुवा साधणारे सॉफ्टवेअर) यांच्या साहाय्याने त्याला जीडीबी जोडता येतो. त्याच्या मूळ आवृत्तीतील प्रत्येक कोअरला हार्डवेअर ब्रेकपॉइंट चारच मिळतात, त्यामुळे प्रत्येक ब्रेकपॉइंट विचार करून ठेवण्याची सवय लागते. पदवीनंतर याच विषयात राहायचे ठरल्यास सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम्समधील पदव्युत्तर डिप्लोमा विचारात घ्या. त्याचा प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून होतो.

राहिला तोंडी परीक्षेचा भाग. प्रयोगशाळेत ९वी आवृत्ती आहे तोवर तिथे ‘सेट लॉगिंग ऑन’ हेच लिहा, आणि नव्या आवृत्तीत ही कमांड कशी बदलली हे परीक्षकांना आपणहून सांगा.