मुंग्या येत असतील तर आधी थांबा

तुमची पोस्ट रात्री झोपताना वाचली आणि परत उठून बसले. ‘चार महिने झाले, रोज सकाळी सहाशे कपालभाती करतोय. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, रात्री तीनला छातीत धडधडून जाग येते. वर्गातले म्हणतात शुद्धी होतेय, सोडू नका. घाबरेपणाची गोळी चालू आहे, तीही बंद करा म्हणतात. मन खंबीर व्हावं म्हणून सुरू केलं होतं, पण उलटंच चाललंय.’ यातलं एकेक वाक्य नऊ वर्षांपूर्वी मी माझ्या वहीत लिहिलेलं आहे. आकडासुद्धा जवळपास हाच.

मी डॉक्टर नाही, योगशिक्षिकाही नाही. साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशला बसते. स्वतः भोगलं आणि नंतर शिकून घेतलं तेवढंच लिहिते. रिकामं पोट, ताठ पाठ, मोकळी हवा हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

उद्यापासून कपालभाती बंद. भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास आत-बाहेर करणं, चालू असेल तर तीही बंद. गोळी मात्र चालूच ठेवा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता माझं काय चुकलं ते सांगते, कारण तुम्हीही नेमके त्याच जागी उभे आहात. ह्यांच्या बायपासनंतर मला घाबरेपणाचे झटके यायला लागले होते. कोणीतरी एका वर्गाचं नाव सुचवलं. सात दिवसांचं शिबिर, पुढे रोजचा सराव आपापल्या घरी आणि शनिवारी सगळ्यांनी एकत्र. शिबिरात बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या आठवड्यापासून मुंग्या सुरू झाल्या. शंकांसाठी त्यांनी एक फोन नंबर दिला होता, त्यावर फोन केला. पलीकडून अगदी गोड आवाजात उत्तर आलं, ‘ताई, शरीरातली घाण बाहेर पडतेय. संख्या वाढवा, आपोआप जाईल.’ मी वाढवली. तीनशेची साडेचारशे, मग सहाशे. त्रास वाढला की पुन्हा फोन करायचे आणि पुन्हा तेच ऐकायचे. आठ महिन्यांत किती वेळा फोन केला असेल, मोजदाद नाही. फोनवर कोण बोलतंय, त्यांनी स्वतः काय शिकलंय, हे मी एकदाही विचारलं नाही. पुढे कधीतरी कळलं की त्या नंबरवर नावनोंदणीची मुलं बसायची. पुढच्या शिबिराचे फॉर्म भरून घेणं हे त्यांचं काम, आणि शंकांना द्यायची उत्तरं त्यांना कागदावर लिहून दिलेली होती. मला आजही राग येतो. त्या मुलांचा नाही, कार्यालयाचा येतो. घाबरलेल्या माणसाला उत्तर द्यायला ज्याला बसवलं, त्याला ‘हे मला कळत नाही, डॉक्टरांना दाखवा’ एवढं एक वाक्य तरी शिकवायला हवं होतं. नंतर मी तक्रारीचं पत्र दिलं. त्याला उत्तर आलं नाही, पुढच्या शिबिराची जाहिरात मात्र आली.

पण चूक माझीही होती. दिवसभर नोटा मोजणारी मी, आकडा वाढला की प्रगती झाली हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. वहीत रोजचा आकडा लिहायचे. त्याच्या शेजारी ‘कसं वाटलं’ असा रकाना आखलेला होता, तो आठ महिने कोरा राहिला.

शेवट असा झाला. एका शनिवारी नऊशे पूर्ण केले. बाहेर येऊन गाडीला चावी लावायला गेले तर उजवा अंगठा तळहातात वळलेला आणि चारही बोटं एकमेकांना चिकटून पुढे आलेली, आपण चोच करून दाखवतो ना, तशी. उघडायला जावं तर उघडेनात. डाव्या हाताने उलगडायला गेले तर डावाही तसाच झालेला. ओठ बधिर, जीभ जड. मला वाटलं अर्धांगवायू झाला. समोरच्या चहावाल्याने बाकावर बसवलं आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, ‘काकू, तुम्ही फार श्वास घेतलात.’

तिने पाच मिनिटांत समजावलं ते असं. आपण समजतो की ऑक्सिजन चांगला आणि कार्बन डायऑक्साइड म्हणजे घाण, जितका बाहेर टाकू तितकं बरं. पण रक्तात तोही ठराविक प्रमाणात लागतो. गरजेपेक्षा जास्त आणि जोरात श्वास घेतला की तो फाजील बाहेर जातो, रक्ताचं आम्ल-अल्क गणित बदलतं, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी पडतं आणि नसा आपोआप चाळवायला लागतात. ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात ते त्यामुळे. मेंदूकडच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं. कपालभातीत फक्त बाहेर सोडताना छोटा झटका द्यायचा असतो, आत येणारा श्वास आपसूक येऊ द्यायचा असतो. मी दोन्हीकडून भाता मारत होते. त्यातून घाबरट माणूस मुळातच भरभर श्वास घेतो. धडधड झाली की घाबरायचं, घाबरलं की आणखी भरभर श्वास, की पुन्हा धडधड. सकाळी अर्धा तास मी याच चक्राचा सराव करत होते आणि रात्री तीनला शरीर तेच परत करून दाखवत होतं.

जाता जाता एक: घाबरेपणाचा झटका आला की कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगणारे भेटतील. करू नका. दमा किंवा हृदयाचं दुखणं असेल आणि आपण त्याला घाबरेपणा समजत असू, तर ते जिवावर बेतू शकतं.

पुढे मी हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथाचं मराठी भाषांतर आणून वाचलं. त्यात कपालभाती प्राणायामात नाहीच. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या रांगेत, षट्कर्मांमध्ये, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांमध्ये आहे. आणि ही कर्मं ज्याच्या अंगात मेद आणि कफ जास्त आहे त्याने आधी करावीत, बाकीच्यांना गरज नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. माझं वजन तेव्हा शेहेचाळीस किलो होतं. त्याच अध्यायात त्याआधी असंही आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू ताब्यात येतात तसाच प्राण हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. परंपरेच्या नावाने जे आपल्या गळ्यात मारलं जातं त्यातलं किती परंपरेत आहे, हे एकदा तपासून बघावं असं माझं ठाम मत झालंय. आपल्याकडे तपासणारी माणसं होऊन गेलीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, ते आसन-प्राणायामाने शरीरात नेमकं काय होतं हे यंत्रं लावून पाहण्यासाठीच.

कपालभाती वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझ्या नणंदेला ती मानवते. रक्तदाब आटोक्यात नसणारे, हृदयरोग, हर्निया, फिट्स, काचबिंदू, गरोदर बायका, पोटाचं नुकतं ऑपरेशन झालेले, या सगळ्यांना नको असं सांगतात. त्या यादीत घाबरेपणाचे झटके येणाऱ्यांना मी माझ्या जबाबदारीवर बसवते. पटलं नाही तर सोडून द्या.

आता गोळी. मी त्या फोनवरचं ऐकून एका दिवसात बंद केली. चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा चटका बसावा तसं व्हायला लागलं, चालताना भोवळ, आणि कारण नसताना रडू. तेही मी शुद्धीच्या खात्यात जमा केलं. डॉक्टरांना सांगायची लाज वाटली म्हणून सात आठवडे लपवलं. शेवटी सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. गोळी पुन्हा सुरू केली, वर्षभराने महिन्या-महिन्याला थोडी थोडी कमी करत बंद केली. तुमची गोळी कोणती, किती दिवस घ्यायची, हे ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा. इथल्या कुणालाही विचारू नका, मलाही नाही. त्यांना कपालभातीचंही सांगा.

त्यानंतर मला ज्या बाई भेटल्या त्या सत्तरीच्या, घरी चार-पाच जणींना शिकवायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी एकच विचारलं, ‘आत्ता तुझा श्वास कुठे अडतोय?’ मला सांगताच येईना. आठ महिन्यांत हजारो झटके दिले होते, पण श्वास कुठे जातो हे एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यांनी मला सतरंजीवर उताणं झोपवलं, गुडघे दुमडून, पावलं जमिनीवर. पोटावर बेंबीच्या जागी एक किलो तूरडाळीचं पाकीट ठेवलं. म्हणाल्या, काही करायचं नाही, पाकीट वर जातं का खाली जातं ते बघ. पहिल्या दिवशी पाकीट हललंच नाही. छाती वरखाली होत होती, खांदे कानाला भिडत होते, पाकीट आपलं तिथेच. घरी रोज दहा मिनिटं हेच करत होते. बाराव्या दिवशी ते उचललं गेलं, आतली डाळ एका बाजूला सरकल्याचा आवाज आला. मला रडू फुटलं. तीन आठवडे दुसरं काही दिलं नाही त्यांनी. आडवं पडून सुरुवात करणं यात कमीपणा मानू नका. योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीतही प्राणायामाच्या आधी आसनं पक्की करून घेतात आणि प्राणायामाची सुरुवात पाठीखाली ब्लँकेटची घडी घेऊन आडवं झोपूनच असते.

नंतर सोडणं लांबवलं. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. जमलं नाही तर तीन आणि चार. ओढाताण झाली की सोडून द्यायचं. शेवटी पाच वेळा भ्रामरी, म्हणजे ओठ मिटून, हलक्या आवाजात भुंग्यासारखं गुणगुणणं. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांच्या एका गटाचा अभ्यास प्रसिद्ध झालाय. ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणिपद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय त्याच्याशी जुळली. मला ते वाचून आई आठवली. ती दिवेलागणीला एका श्वासात एक ओळ अशी संथ रामरक्षा म्हणायची. तिच्या चालीत म्हणून मी घड्याळ लावलं, मिनिटाला सात श्वास भरले. तुमचा देवाधर्मावर विश्वास असो नसो, तोंडपाठ असलेलं काहीही असं संथ म्हणून पाहा. माझ्या मुलाला पाढे चालतात.

तुम्ही खंबीर होण्याबद्दल विचारलंय. त्याबद्दल मोठं काही सांगता येणार नाही, झालं ते सांगते. डाळीच्या पाकिटाला दीड-दोन महिने झाले असतील. काउंटरवर शंभराचं बंडल मोजत होते आणि लक्षात आलं की बंडल हातात घेतलं की मी श्वास धरते आणि मोजून झालं की सोडते. सतरा वर्षं दिवसाला शंभरदा हे करत असणार. मग आणखी गोष्टी दिसायला लागल्या. फोन वाजला की जबडा आवळला जातो. गर्दीत कुणी वरच्या पट्टीत बोललं की पायाची बोटं चपलेत वळतात. हे दिसलं की मी काही उपाय करत नसे, फक्त एक श्वास पूर्ण सोडायचे आणि तळपाय जमिनीला टेकलेत का ते बघायचे.

त्याच वर्षी ३१ मार्चला साहेबांनी रजेवरच्या माणसाच्या ड्रॉवरची चावी माझ्यापुढे ठेवली. ‘घ्या मॅडम, एका दिवसाचा प्रश्न आहे.’ रोख मोजून न घेता चावी घ्यायची नाही हा नियम, आणि अशा चाव्या मी आजवर निमूट घेत आले होते. चावीकडे बघितलं आणि पोट आत ओढलं गेलेलं कळलं. श्वास सोडला. ‘आधी मोजून द्या, मगच सही करते’ म्हणाले. आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं. साहेबांनी दोन मिनिटं काही उत्तर दिलं नाही, मग शिपायाला हाक मारून रोख मोजायला काढली. त्या दिवशी हाताला मुंग्या आल्या नाहीत.

झटके पूर्ण गेलेत असं सांगणार नाही, वर्षातून एखादा येतो. आला की मी उठून बसते, पाठ भिंतीला टेकवते आणि सोडणं लांबवते. सात-आठ मिनिटांत ओसरतो. घाई करून श्वास खोल ओढायला जाऊ नका, झटक्यात तेच सगळ्यात वाईट.

एक राहिलं. मुंग्यांचं कारण फक्त श्वासच असेल असं धरून चालू नका. माझं बी-१२ तपासलं तेव्हा तेही बरंच खाली निघालं. शाकाहारी असाल तर ते आधी करून घ्या, सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि एक ईसीजी. डाळीचं पाकीट तोवरही चालेल, पण पोट भरलेलं असताना नको. पहिले दहा दिवस आकडा लिहू नका, ‘कसं वाटलं’ एवढंच एका ओळीत लिहा. रिपोर्ट आले की इथेच टाका. मी रात्री साडेनऊनंतर बघते.