टोकन घेण्याआधी कागद बघा

नवी मुंबईत घरांची दलाली सुरू करायची तर आधी २० तासांचं प्रशिक्षण, परीक्षा आणि महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची, एजंट नोंदणी. मग अख्खं खारघर-पनवेल अंगावर घेऊ नका. दोनच सेक्टर धरा, एकेक सोसायटी पायी फिरा.

इथली बरीचशी जमीन सिडकोची (हे शहर वसवणारी सरकारी कंपनी), भाडेपट्ट्याची. म्हणून रीसेलमध्ये सिडकोचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार, हे टोकनआधीच, म्हणजे सौद्याची पहिली रक्कम घेण्याआधीच, लेखी घ्या. ठरत आलेला सौदा इथेच फिसकटतो. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरची नावं अक्षर न् अक्षर जुळवा, एका स्पेलिंगवर बँक कर्ज अडवते. सोसायटीची थकबाकीही विचारा. गिऱ्हाइकाला कार्पेटच (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) सांगा, जिना-लॉबीचा वाटा धरलेलं सुपर बिल्ट-अप नको. भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची. आणि दलाली किती, हे फ्लॅट दाखवण्याआधीच बोला, चावी हातात पडल्यावर नाही.